दोरी कधी सोडायची

सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेला खरसुंडीत जनावरांचा बाजार भरतो. तिथे खोंडाचे दात बघणारे ढिगाने भेटतात. शेपूट उचलून बघणारे, खूर दाबणारे, अंगावरचे भोवरे शोधणारे, चार पावलं चालवून मागून ढांग बघणारे, सगळे भेटतात. रुमालाखाली बोटं धरून सौदा चालतो, दलाल मध्ये पडतो, बघ्यांची गर्दी जमते. पण खोंड ज्या दोराने बांधलंय, त्या दोराकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. माझ्याबरोबर आलेले आबा आधी तोच बघतात. म्होरकीखाली नाकाच्या हाडावरचे केस गेलेत का, कानामागे दोर रुतलाय का, हात जवळ नेला की जनावर मान वर फेकतं की नुसता कान वळवतं. एका देखण्या, काजळी डोळ्यांच्या दुशापाशी ते थांबले, नाकाडावरून बोट फिरवलं आणि पुढे निघाले. मालकाच्या कानावर जाणार नाही इतकं लांब आल्यावर म्हणाले, "ह्यो वढून आणलाय. चालत आल्याला न्हाई."

आबा ऐंशीच्या घरातले. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. नाव छापू नका, म्हणाले. "लोक गोरी घिऊन दारात हुबं ऱ्हात्याल, आन् आता माझ्यानं हुईना." तरुणपणी पंचक्रोशीतली हट्टी खोंडं त्यांच्याकडे शिकायला यायची. मालक खोंड आणून बांधायचा, महिना-दोन महिन्यांनी औताला चालणारा बैल घेऊन जायचा. मोबदला म्हणून ज्वारीचं पोतं, कधी रोकड, कधी नुसताच फेटा.

या मुलखात हे शास्त्र का मुरलं, ते इथल्या शेतीत आहे. माणदेश दुष्काळी. आटपाडी महाल हा औंध संस्थानचा तुकडा. पाऊस बेभरवशाचा, रान हलकं. ज्वारी-बाजरीवर घर चालायचं नाही. घरात रोख पैसा यायचा तो खिल्लार खोंडातून. खिल्लार गाय दूध थोडकंच देते आणि तेही बहुतेक वासराच्या पोटात जातं. ते तसंच जावं अशी पद्धतही होती, कारण दूध विकायचं नव्हतं, खोंड विकायचं होतं. माणदेशाने खोंड वाढवायचं आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानातल्या बागायतदाराने ते विकत घ्यायचं, असा तो व्यवहार. सांगोल्याचा रविवारचा बाजार, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पंढरपूरची कार्तिकी या त्याच्या पेठा. घेणाऱ्याला खोंड आयतं शिकवलेलं मिळालं तर दोन पैसे जास्त पडायचे. म्हणून शिकवणं हा माणदेशात हौसेचा नव्हे, पोटाचा भाग होता.

खिल्लार चपळ असतं तसंच तापटही. डांगी किंवा लाल कंधारीच्या मानाने त्याच्या अंगात वारं जास्त. नीट हाताळलं तर कासऱ्याच्या नुसत्या हालचालीवर वळतं, आणि एकदा बिथरलं की दोन माणसांना आवरत नाही. हा स्वभाव शिकवणाऱ्याची परीक्षा बघतो. देवणीशी केलेली चूक देवणी विसरेल एखादे वेळी; खिल्लार विसरत नाही, असं आबांचं मत. देवणीवाल्यांना ते पटणार नाही, ते सोडा.

०००

आबांच्या गोठ्यात नातवाने आणलेलं सव्वा वर्षाचं खोंड होतं. अदंत, पांढरं, पाठीवर अजून वासराची लव. माणसाची सवय जेमतेम. त्याला म्होरकी घालण्यापासून सुरुवात.

दोर सुती. बोटाएवढा जाड. "नायलॉन नगं," आबा म्हणाले, "त्यो कापतोय, आन् वली गाठ सुटत न्हाई." पूर्वी अंबाडीचा किंवा घायपाताचा दोर घरीच वळायचे, तो नवा असताना खरबरीत, म्हणून आधी चिंध्या गुंडाळायचे. म्होरकीचा पुढचा वेढा नाकाच्या हाडावर बसायला हवा, डोळ्याच्या खाली दोन-तीन बोटं. खाली सरकून नाकपुडीच्या मऊ भागावर आला की जनावर ओढताना स्वतःचा श्वास स्वतःच कोंडून घेतं आणि धाडकन खाली बसतं. मागचा वेढा शिंगांच्या मागून, कानांना न दाबता. नातवाने पहिल्यांदा घातली ती सैल होती. आबांनी गालाजवळची गाठ उतरवली, दोन बोटं आत जातील एवढी ठेवली आणि पुन्हा मारली.

मग बांधायची जागा. खुंटी जमिनीत असते, तिला बांधून चालत नाही. पाय दोरात अडकतो, मान खाली ओढली जाते. कडुलिंबाचं जुनं खोड निवडलं, त्याला खोंडाच्या डोळ्याच्या उंचीवर, हातभर दोर सोडून बांधलं. गाठ अशी की मोकळं टोक ओढलं की चटकन सुटावी. आणि मग आबा बाजूला घोंगडी टाकून बसले. या कामात बसून राहणं फार आहे.

खोंडाने आधी काही केलं नाही. मग दोर ताणला गेलाय हे त्याच्या लक्षात आलं. चारी पाय रोवून, मागचा भाग खाली करून ते मागे ओढायला लागलं. मान लांब झाली, डोळ्यांची पांढरी कड दिसायला लागली, खोड किंचित करकरलं. नातू उठायला लागला तर आबांनी त्याला हाताने खाली दाबलं. "बस. त्येचं त्येला कळू दे." मिनिटभर, दोन मिनिटं ते तसंच ओढत राहिलं. मग दमून एक पाऊल पुढे आलं आणि दोर सैल पडला. खोंड थबकलं. कान पुढे आले. पुन्हा मागे ओढलं, पण या वेळी कमी. पुन्हा पुढे. तासाभरात ते दोर सैल राहील अशा बेताने उभं राहायला शिकलं होतं. कुणी हात लावला नव्हता, ओरडलं नव्हतं.

सगळी विद्या इथे आहे. ओढण्याने जनावर शिकत नाही, ओढ थांबली की शिकतं. खोडाला हे आयतं जमतं, कारण खोड ना रागावतं ना दमतं, आणि जनावराने पाऊल टाकलं त्याच क्षणी दोर सैल सोडतं. माणसाला ते जमत नाही. खोंड पुढे आलं की माणूस खूश होतो आणि अजून ओढतो. मग खोंडाला कळतच नाही की आपलं काय बरोबर होतं.

दुसरा धडा पाण्याचा. सकाळ-संध्याकाळ हौदावर न्यायचं ते म्होरकीने, पाणी पुढ्यात आणून द्यायचं नाही. जाताना खोंडाला स्वतःला जायचं असतं, त्यामुळे दोर आपोआप सैल राहतो. मध्येच पाय रोवलेच तर समोर उभं राहून ओढायचं नाही. चार पायांवर रोवलेलं सव्वा-दीडशे किलोचं धूड कुणाला सरळ ओढत नेता येत नाही, आणि डोळ्याला डोळा भिडवून समोर उभा राहिलेला माणूस त्याला वाट अडवणारा वाटतो. बाजूला जायचं, खांद्याच्या रेषेत, आणि मान तिरकी वळवायची. मान वळली की तोल राखायला एक पाय उचलावाच लागतो. पाय उचलला की दोर सोड. पुन्हा. नातवाचा हात दरवेळी जरा उशिरा सुटायचा. आबा प्रत्येक वेळी एकच शब्द म्हणत होते, "सोड."

हात फिरवण्याचेही नियम आहेत. गळ्याखालची पोळी, मानेची बाजू, शेपटीचं मूळ इथे खाजवायचं. कपाळ आणि शिंगांच्या बुडाशी खाजवायचं नाही. लहानपणी तिथं डोकं घासायची गोडी लागली की मोठेपणी तेच खोंड ढुशी मारतं, आणि मग लोक त्याला मारका म्हणून विकतात. पाय उचलून धरायची सवयही याच वयात लावायची, कारण पुढे नालबंदाकडे पत्र्या ठोकायला न्यावं लागतं. ज्याला सवय नाही त्याला दोर टाकून आडवा पाडतात. तो प्रकार बघितलेला माणूस पुढच्या खोंडाचे पाय रोज उचलतो.

०००

शाळेत न गेलेल्या आबांनी जे हाताने केलं, ते अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी पुस्तकांत लिहिलं आहे. १९४७ साली जन्मलेल्या ग्रँडिनबाई स्वमग्न आहेत, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पशुविज्ञान शिकवतात, आणि जनावराला जग कसं दिसतं यावर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांची मांडणी अशी: प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. माणूस त्याच्या आत शिरला की जनावर सरकतं, बाहेर पडला की थांबतं. आणि खांद्याशी एक रेषा असते. तिच्या मागून गेलं तर जनावर पुढे निघतं, पुढून गेलं तर मागे हटतं. गायबैलांना जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही, आणि जमिनीवरची सावली की खड्डा हे पटकन कळत नाही. म्हणून खोंड ओल्या डबक्यापाशी, गोठ्याच्या उंबऱ्याशी, उन्हातून सावलीत जाताना अडतं. आपण त्याला आडमुठा म्हणून काठी घालतो.

ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९५ सालचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी जनावरांच्या कपाळावरचे भोवरे तपासले. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, ती जनावरं जखडून धरल्यावर जास्त बिथरत होती. खरसुंडीच्या बाजारात हे सांगितलं तर लोक हसतील, कारण भोवरा बघितल्याशिवाय इथे कुणी खोंड घेतच नाही. आता आपल्याकडे भोवऱ्यांवरून मालकाच्या आयुष्यापासून घराच्या बरकतीपर्यंत जे काय काय सांगतात, ते बहुतेक सगळं थोतांड आहे आणि त्यापायी चांगली जनावरं मातीमोल जातात. पण कपाळावरच्या भोवऱ्यावरून स्वभाव ओळखू बघणारा पहिला माणूस काहीतरी बघून बोलत असणार.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. तिथे शेतकऱ्यांची शाळकरी मुलं खच्ची केलेली खोंडं म्होरकीवर शिकवतात. त्यांची फोर-एच नावाची चळवळ आहे, १९०२ साली ओहायोत तिची सुरुवात झाली. खोडाला बांधणं, पाण्यावर नेणं, सैल दोरीवर चालवणं, सगळं आबांसारखंच. वर्षभर धुऊन-पुसून, केस विंचरून जत्रेच्या रिंगणात खोंड उभं करायचं, पंच येतो, पाठीवर हात दाबून बघतो, बिल्ला मिळतो. आणि त्यानंतर तिथेच लिलाव होतो आणि खोंड खाटकाकडे जातं. मूल रडतं, पुढच्या वर्षी नवीन खोंड घेतं. त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांची शेती तशी आहे. पण तिथली शिकवण एका दिवसाच्या उभं राहण्यासाठी असते. आपल्याकडची दहा-बारा वर्षांच्या कामासाठी होती, म्हणून ती पुढे जाते: वेसण, जू, औत, गाडी.

०००

वेसण दीड वर्षाच्या आगेमागे टोचतात. दोन्ही नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला पुढे एक मऊ जागा असते, कुर्च्याच्या अलीकडे. अंगठा आणि तर्जनीने चाचपलं की लागते. दाभण तिथूनच गेला पाहिजे. कुर्च्यातून गेला तर जखम महिनोन्‌महिने चिघळते, फार पुढे घेतला तर एखाद्या हिसक्यात नाक फाटतं. पावसाळ्यात टोचत नाहीत, माश्या बसून किडे पडतात. थंडीत, सकाळी, हळद-तेल लावून. आणि जखम पुरती भरेपर्यंत त्या दोराला हात लावायचा नाही. तोवर काम म्होरकीवरच. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. टोचलं की दुसऱ्या दिवशी ओढायला लागतात आणि मग जनावर आयुष्यभर तोंडाकडे हात आला की मान झटकतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं आणि वेसण घालणं या गोष्टी विहित पद्धतीने केल्या तर क्रूरता धरलेल्या नाहीत. प्राणिमित्र संस्थांचा वेसणीलाच विरोध आहे, ती न घालता म्होरकीवर भागवा म्हणतात. आबांना हे सांगितलं तर ते रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "म्होरकीवर नीट शिकल्याला बैल वेसणीला मान देतुय, वढावं लागत न्हाई. ज्येला वेसण वढावी लागती त्यो शिकल्यालाच न्हाई." म्हणजे वेसण असावी, पण वापरावी लागू नये. माझंही मत आता तेच आहे.

बडवण्याबद्दल थोडक्यात. पूर्वी दगड-लाकडाने वृषणाच्या शिरा चेचायचे. ते दृश्य बघवत नसे. इटलीतल्या बुर्दिझ्झो नावाच्या पशुवैद्याच्या चिमट्याने ते थांबलं. रक्त न काढता शीर दाबली जाते, आणि सरकारी दवाखान्यातला डॉक्टर ते काही मिनिटांत करतो. परदेशात खोंड काही महिन्यांचं असतानाच खच्ची करतात. आपल्याकडे वशिंड आणि मान भरू द्यायची आणि मगच चिमटा लावायचा, कारण जू त्या मानेवर बसायचं असतं.

०००

दोन दात लागले, म्हणजे अडीच-तीन वर्षांचं झालं, की खोंडाचा खांदा लावायचा. इथे माणूस मागे सरतो आणि शिकवायचं काम बैल करतो.

प्रत्येक चांगल्या दावणीला एक म्हातारा बैल असायचा. कामात आता मंद, पण सगळं बघून झालेला. नव्या खोंडाला त्याच्याबरोबर नुसत्या जुवाखाली धरायचं. मागे औत नाही, काही नाही. शिवळा घातल्या, जोते आवळले, आणि नांगरलेल्या रानात सोडलं. नांगरलेलं रान मुद्दाम निवडतात; ढेकळांत पाय रुततात, पळून पळून खोंड किती पळणार. ते उधळतं तेव्हा म्हातारा जागचा हलत नाही. ते मागे राहतं तेव्हा म्हातारा आपल्या चालीने जातो आणि जू त्याला सोबत नेतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण लोक वाईट संगतीसाठी वापरतात. औताच्या रानात ती शिक्षणपद्धती होती. कोणत्या अंगाला धरायचं तेही त्याच दिवशी ठरतं. डाव्या अंगाला शिकलेला बैल उजवीकडे जुंपला की बावरतो, म्हणून जोडी फुटली की उरलेल्या बैलाची किंमत निम्म्यावर येते.

नुसत्या जुवाला सरावलं की मागे लाकडाचा ओंडका. मग फळी. मग कुळव, कोळपं. नांगर उशिरा, आणि गाडी सगळ्यांत शेवटी, कारण गाडी मागून वाजत, अंगावर चालून येते. दिवसाला थोडाच वेळ. थांबवायचं ते खोंड दमायच्या आत. खांद्यावरची कातडी आठवडाभर रोज चाचपायची. गरम लागली की दोन दिवस सुट्टी. एकदा आवाळू आलं की तो खांदा कायमचा दुखरा. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळण करतो, तूप-हळद चोळतो, ती वर्षातून एकदाची. शिकत्या खोंडाची खांदेमळण रोज असते.

आता बशा बैलाचं. जुवाखाली खाली बसतो, उठता उठत नाही, त्याला बशा म्हणतात. त्याला उठवायला काय काय करतात ते लिहायला नको: शेपटी पिरगाळतात, चावतात, खाली पाचट पेटवल्याचंही ऐकलं आहे. लोक म्हणतात, जन्मजात खोड आहे. आबांनी उलगडून सांगितलं ते वेगळं. कच्च्या खोंडाला जड नांगराला धरतात. दमून ते बसतं. मालक घाबरतो, जोते सोडतो, पाणी पाजतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी खोंडाला पुरतं समजलेलं असतं, की बसलं की जू सुटतं. कडुलिंबाच्या खोडापाशी जो धडा ते शिकलं तोच हा धडा, फक्त उलटा. बशा बैल हुशार असतो आणि त्याला मालकाने शिकवलेलं असतं. उपाय एकच, तो आधीच करायचा: बसायची वेळ येण्याआधी, चालत असताना, चांगलं चालत असताना सोडायचं.

१९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावरांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. दिवसाला नऊ तासांहून जास्त नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही, आणि आर लावलेली टोकदार पराणी वापरायची नाही. हे नियम आबांनी वाचलेले नाहीत, पण त्यांच्या पराणीला आर नव्हती.

मोटेची आठवण मात्र त्यांनी आपणहून काढली. विहिरीवर मोट असताना बैल धावेवरून ओढत खाली जायचे, टोकाला थांबायचे, थारोळ्यात पाणी पडेपर्यंत उभे राहायचे, आणि मग उलट्या पावलांनी चढ चढायचे. ओढ, थांब, मागे ये. सकाळपासून शेकडो वेळा. "त्यासारकी शाळा न्हाई," आबा म्हणाले. विहिरीवर विजेचे पंप आले, मोट गेली, आणि बैलाला मागे सरायला शिकवणं बंद झालं. आज धडधाकट बैलजोडी गाडीसकट मागे घेता येणारे गाडीवान शोधावे लागतात.

०००

मग आता शिकवतो कोण? खरं उत्तर असं, की शर्यतवाले. २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला प्रदर्शनाच्या प्राण्यांच्या बंदीयादीत घातलं, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटकासह महाराष्ट्राचाही कायदा उचलून धरला. बंदीच्या काळात खिल्लार खोंडाचे भाव पडले होते, नंतर ते लाखांत गेले. शर्यतीने खिल्लार वाचवलं हा मालकांचा दावा मी खोडून काढणार नाही. गाय पोसायला आज दुसरं कारण फारसं उरलेलं नाही.

पण शर्यतीतला आदत गट, दुसा गट बघा. अदंत खोंड, ज्याने अजून जू नीट पाहिलेलं नाही, ते हजारोंच्या गोंगाटात धावपट्टीवर. पळायला कुठल्याही खोंडाला शिकवावं लागत नाही, भीती पुरते. रेषा ओलांडल्यावर पाच-सहा माणसं शिंगांना लोंबकळून ते थांबवतात, ते बघितलं की कळतं काय शिकवायचं राहिलं आहे. काही जुने गाडामालक अजून खोंडाला आधी वर्षभर औताला धरतात, चालवतात, उभं करतात आणि मग पळवतात. त्यांची जनावरं शर्यत संपल्यावर स्वतः थांबतात. असे मालक थोडे.

दुसरी जागा उसाची. बीड, अहिल्यानगरकडचे तोडकरी मुकादमाकडून उचल घेतात, त्यातून बैल घेतात आणि कारखान्यावर गाडी हाकतात. तिथे खोंडाला शिकायला सवड नाही. पहिल्या दिवसापासून ऊस भरलेली गाडी आणि डांबरी रस्ता. मानेवर येणारा भार कमी व्हावा म्हणून वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली तिसरं चाक बसवायची युक्ती केली, तिला 'सारथी' नाव दिलं. २०२२ मध्ये तिचे फोटो सगळीकडे फिरले. चांगली युक्ती आहे. कारखान्यांनी ती गाड्यांना लावून द्यायला हवी, कौतुक पुरे.

बाकी रानांत ट्रॅक्टर आहे. २०१९ च्या पशुगणनेत, आधीच्या २०१२ च्या गणनेशी ताडून बघता, देशातल्या गायी १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर गोवंश ३० टक्क्यांनी घटला. कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित वीर्यमात्रा आता सरकारी योजनेतून मिळतात. त्यात २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी, म्हणजे थकलेला बैल विकून नवा घ्यायचा जुना हिशेब बसेना. २०२२ मध्ये लम्पी आला, बाजारच बंद पडले. गोऱ्हा जन्मला की पूर्वी पेढे वाटायचे. आता तो संकरित गायीचा असेल तर रस्त्यावर दिसतो. आनंद यादवांची 'गोतावळा' कादंबरी १९७१ ची आहे. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्याचं काय होतं ते तिच्यात आलेलंच आहे.

या सगळ्यात एक नुकसान कुणी मोजत नाही. खोंडं कमी झाली ते आकड्यात दिसतं. शिकवणारा म्हातारा बैल संपला ते दिसत नाही. ज्या गोठ्यात तीस वर्षं एकामागून एक बैलाने बैल शिकवला, तिथली जोडी एकदा विकली गेली की पुढच्या खोंडाला शिकवायला उरतो तो माणूस, आणि त्या माणसाला दोरी ओढता येते, सोडता येत नाही. पुस्तकात वाचून ते हातात उतरत नाही. आबांचा नातू शेतकी पदविका घेतलेला आहे, दुधाचं गणित त्याला तोंडपाठ आहे, ओढकामाच्या जनावराला शिकवण्यावर मात्र त्याच्या अभ्यासक्रमात तास नव्हता. खिल्लारच्या पैदाशीसाठी, वळूंसाठी, स्पर्धांसाठी आपण पैसा खर्च करतो. पशुवैद्यक महाविद्यालयांनी प्रत्येक जिल्ह्यातले असे चार हात शोधून, त्यांना मानधन देऊन, वर्षाला दहा-वीस मुलांना महिनाभर त्यांच्या हाताखाली ठेवायला फार मोठी तरतूद लागणार नाही. पण हे हात सत्तरी-ऐंशीतले आहेत, तेव्हा घाई करावी लागेल.

आणि ज्यांच्या दावणीला अजून एखादा जुना, शिकलेला बैल उभा आहे, त्यांना एक विनंती. तो निरुपयोगी झाला असं समजून यंदाच्या बाजाराला काढू नका. त्याच्या शेजारी एक अदंत खोंड बांधा, सुती दोराने, आणि दोन वर्षं वैरण घाला. त्या वैरणीचे पैसे खोंड फेडून देईल.